लिदित्सेचे गुलाब

स्मारक म्हटलं की आपल्याकडे आधी चौथरा आठवतो. मग चौथऱ्यावरचा पुतळा, पुतळ्याभोवतीची साखळी, कोनशिलेवर मंत्रिमहोदयांची नावं (ज्याचं स्मारक त्याच्या नावापेक्षा अंमळ ठळक अक्षरांत), आणि वर्षातून दोनदा घातला जाणारा, तिसऱ्या दिवशी सुकून लोंबणारा हार. एकदा अनावरण उरकलं की पुढचं काम स्मारक आपलं आपण करतं, अशी आपली समजूत असते. दगडाला काय, पाणी नको, खत नको, छाटणी नको. त्यामुळे गुलाबाच्या झाडांचं स्मारक करायचं ही कल्पना चटकन गळी उतरत नाही. फूल आठ-दहा दिवसांचं, झाड फार तर वीस-पंचवीस वर्षांचं. त्यातही जात लाडावलेली. आज भुरी, उद्या काळे ठिपके, परवा मावा. पुण्या-नाशकातल्या गच्चीवर चार कुंड्या सांभाळताना माणूस मेटाकुटीला येतो. अशा झाडांच्या खांद्यावर कुणी अख्ख्या गावाच्या आठवणीचा भार टाकेल का?

झेक प्रजासत्ताकात, प्रागच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, लिदित्से या गावी तो टाकला आहे. तिथे चोवीस हजारांवर गुलाबाची झाडं आहेत, जाती दोनशे चाळीसच्या आसपास. बागेचं नाव 'शांती आणि मैत्रीचं उद्यान'. नाव सरकारी आहे, पन्नासच्या दशकातल्या पूर्व युरोपाचा वास त्याला येतो. बाग मात्र सरकारी वाटत नाही. का, ते पुढे सांगतो.

प्रागला जाणारी आपली मंडळी हल्ली पुष्कळ. चार्ल्स पूल, ते घड्याळ, किल्ला आणि संध्याकाळी नदीतली बोट, एवढ्यात सहलीचे दोन दिवस संपतात. लिदित्से या यादीत नसतं. आम्ही दोघं २०२३च्या जूनमध्ये गेलो ते सहल कंपनीच्या 'मोकळ्या दिवसा'चा फायदा घेऊन, क्लाद्नोकडे जाणाऱ्या साध्या बसनं. अर्ध्या तासाच्या आत बस गावाच्या फाट्यावर सोडते. उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती अशी, की जे बघायला आलो ते गावच तिथे नाही. समोर एक उतरतं, हिरवंगार, विस्तीर्ण कुरण आहे. मधून ओढा वाहतो. तुरळक झाडं. लांबवर एक क्रूस. मुंबईच्या माणसाला एवढी मोकळी जागा पाहून आधी बरंच वाटतं. आणि ते बरं वाटणं दहा मिनिटांनी बोचायला लागतं, कारण ही जागा मोकळी नव्हती, ती मोकळी करण्यात आली.

१९४२ म्हटलं की आपल्याला ऑगस्ट आठवतो. गवालिया टँक, 'छोडो भारत', आपल्या विदर्भातलं चिमूर. त्याच वर्षी, दोन महिने आधी, तिकडे हे घडलं. झेक प्रदेशावर हिटलरनं नेमलेला राइनहार्ड हायड्रिख हा अधिकारी २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये हल्ल्यात जखमी झाला आणि ४ जूनला मेला. हल्ला करणारे गाबचिक आणि कुबिश हे दोघे सैनिक विलायतेतून विमानानं येऊन छत्रीनं उतरले होते. ते सापडेनात. सूड तर घ्यायचा होता. एका कारखान्यात एका कामगार मुलीच्या नावानं आलेलं पत्र मालकानं संशयावरून फोडलं. प्रेमप्रकरणातलं, जरा गूढ भाषेतलं पत्र. त्या धाग्यावरून पोलीस लिदित्सेच्या होराक कुटुंबापर्यंत पोहोचले. होराकांचा एक मुलगा इंग्लंडच्या हवाई दलात होता, गावातला आणखी एक तरुणही होता. पुरावा एवढाच. हल्ल्याशी गावाचा संबंध असल्याचं सिद्ध झालं नाही. सिद्ध करण्याची कुणाला गरजही वाटली नाही.

९ जूनच्या रात्री गावाला वेढा पडला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पंधरा वर्षांवरच्या पुरुषांना होराकांच्या वाडीवर आणून, बागेत, कोठाराच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या भिंतीवर आपटून उलट येऊ नयेत म्हणून घराघरांतल्या गाद्या आणून भिंतीला लावल्या होत्या. आधी पाच-पाच जणांना उभं करीत होते. फार वेळ लागतो म्हणून मग दहा-दहा. त्या दिवशी १७३ पुरुष गेले. गावचा त्र्याहत्तर वर्षांचा पाद्री श्टेम्बेर्का याला सूट देऊ केली होती. त्यानं ती नाकारली आणि तो आपल्या माणसांबरोबर गेला. बायका-मुलांना क्लाद्नोच्या शाळेत नेलं, तिथे मुलं आयांपासून तोडली. बायकांची रवानगी राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत झाली. मुलांपैकी ब्याऐंशी जणांना पोलंडमधल्या खेल्मनो इथे विषारी वायूनं मारण्यात आलं. एकूण हिशेब ३४० माणसांचा: १९२ पुरुष, ६० स्त्रिया, ८८ मुलं. युद्धानंतर १४३ बायका परतल्या आणि शोधून शोधून १७ मुलं मिळाली.

माणसं संपल्यावर घरं जाळली, सुरुंगानं उडवली, चर्च उडवलं, दफनभूमीतली थडगी उकरली, ओढ्याचा प्रवाह वळवला, राडारोडा उचलून जमीन सारखी केली. कित्येक महिने हे काम चाललं होतं आणि त्याचं चित्रीकरणही जर्मनांनी स्वतःच केलं. ती फीत पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवली गेली. गावाचं नाव नकाशावरून काढून टाकायचं होतं, आणि तसं रेडिओवरून जाहीरही केलं होतं. नाझींनी यापेक्षा कितीतरी मोठे संहार लपूनछपून केले. हा उघड केला. जगाला कळावा म्हणूनच केला.

साइडल नावाच्या एका गावकऱ्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हातून मुलगा मारला गेला म्हणून हा माणूस १९३८च्या अखेरीपासून तुरुंगात होता. त्यामुळेच तो वाचला. सुटून २३ डिसेंबर १९४२ला, नाताळच्या तोंडावर घरी आला, तर गाव नाही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो क्लाद्नोला जर्मनांपुढे जाऊन उभा राहिला आणि हायड्रिखला मारलं ते योग्यच झालं असं म्हणाला. मरायचंच होतं त्याला. शिपाई हसले आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. कादंबरीत मी हा प्रसंग लिहिला असता तर संपादकानं 'अतिरंजित' असा शेरा मारून परत पाठवला असता.

आता गुलाबांकडे वळायचं तर आधी इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला जायला हवं. चिनी मातीची भांडी आणि कोळसा यांवर जगणारं, धुरानं काळवंडलेलं शहर. तिथे बार्नेट स्ट्रॉस नावाचा एक डॉक्टर होता. पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, लहानपणीच इंग्लंडला आलेला. खाणीतली धूळ आणि कुंभारकामातली धूळ छातीत बसून माणसं कशी मरतात, हा त्याच्या रोजच्या कामाचा विषय. तो नगरपालिकेचा सभासदही होता. लिदित्सेचे पुरुष बरेचसे खाणीत आणि क्लाद्नोच्या पोलाद कारखान्यात काम करणारे होते, हे त्याला कळलं. हिटलरचं म्हणणं, लिदित्से कायमचं मेलं. स्ट्रॉसनं ठरवलं, ते जगेल. 'लिदित्से जगेल' हेच त्याच्या चळवळीचं नाव झालं. ६ सप्टेंबर १९४२ रोजी स्टोकच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे परागंदा अध्यक्ष बेनेश यांच्या उपस्थितीत ती सुरू झाली.

तारीख पुन्हा वाचावी. त्या तारखेला आपले सगळे पुढारी गेले चार आठवडे तुरुंगात होते आणि त्यांना तुरुंगात टाकणारं सरकार स्टोकच्या खाणकामगारांचंच होतं. हे मनात आल्यावाचून राहत नाही. पण सरकार आणि माणसं यांत फरक करायला आपल्याच लोकांनी आपल्याला शिकवलं आहे. चर्चिलनं तर लिदित्सेच्या बदल्यात तीन जर्मन गावं बॉम्ब टाकून नष्ट करावीत असा विचार मांडला होता. मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनी त्याला परावृत्त केलं. सरकारांच्या डोक्यात सूड चालू असताना खाणकामगारांच्या डोक्यात घरं बांधून देण्याचा विचार आला. त्याच सुमारास वेल्समधल्या एका खेड्यातल्या खाणकामगारांनी हम्फ्री जेनिंग्जच्या चित्रपटात लिदित्सेकरांच्या भूमिका केल्या. आपलं गाव लिदित्से असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी स्वतःच्या घरांत, स्वतःच्या रस्त्यांवर करून दाखवलं.

स्टोकच्या वर्गणीत ३२,००० पौंड जमले. माझी निम्मी हयात बँकेत गेली. मोठ्या आकड्यापेक्षा तो कशाचा बनला आहे, हे बघायची खोड त्यामुळे लागली आहे. युद्धाचा चौथा हंगाम, रेशनवर मिळणारी साखर आणि लोणी, घरातले तरणे मुलगे आघाडीवर, आणि हे पैसे कधी, कसे पोहोचवायचे हे कुणालाच ठाऊक नाही, कारण ज्या गावासाठी पैसे गोळा करायचे ते गावही नाही आणि तो देशही शत्रूच्या ताब्यात. कुठलाही शाखाधिकारी या कर्जाला मंजुरी देणार नाही. ते कर्ज नव्हतंच म्हणा. १९४७च्या जूनमध्ये जुन्या जागेपासून तीनशे मीटरवर नव्या लिदित्सेची पायाभरणी झाली, तेव्हा त्या बांधकामाला या वर्गणीची मदत झाली. परतलेल्या बायकांना तिथे घरं मिळाली.

घरं झाली, मधली जागा उरली. एका बाजूला पुरुषांची सामूहिक कबर आणि ते रिकामं कुरण, दुसऱ्या बाजूला नवं गाव. या विधवांनी रोज सकाळी खिडकी उघडली की समोर काय दिसावं? बागेच्या मुळाशी हा प्रश्न असावा असं मला तिथे उभं राहिल्यावर वाटलं. स्ट्रॉस आता पार्लमेंटचा सभासद झाला होता. १९५४ साली त्यानं पुन्हा हाक दिली, या वेळी पैशांसाठी नव्हे, गुलाबांसाठी. हॅरी व्हीटक्रॉफ्ट हा नॉटिंगहॅमचा नामांकित गुलाबवाला, भरघोस कल्ले राखणारा, भडक कपड्यांचा शौकीन, त्याच्या मदतीला आला. तीसहून अधिक देशांतून तीस हजारांच्या आसपास गुलाबाची झाडं आली. १९ जून १९५५ रोजी बाग खुली झाली.

शीतयुद्ध ऐन भरात असताना ही झाडं आली, हे लक्षात घेतलं पाहिजे. माणसाला जी सरहद्द ओलांडायला दहा कागद लागत होते ती सरहद्द काटेरी झाडांनी ओलांडली. गुलाबाचं रोप लांब पाठवायचं तर झाड विश्रांती घेत असताना, पानं गळालेल्या अवस्थेत, मुळं ओल्या शेवाळात किंवा पेंढ्यात बांधून पाठवतात. बघणाऱ्याला ते वाळलेल्या काटक्यांचं ओझं वाटतं. असल्या ओझ्यावर कस्टमवाले तरी काय शिक्के मारणार?

तिथल्या एका वाफ्यापाशी मी बराच वेळ उभा होतो. पिवळं, कडांना गुलाबी झाक असलेलं, वाटीएवढं मोठं फूल. पाटीवर नाव 'ग्लोरिया देई'. आपल्याकडचे गुलाबवेडे या फुलाला 'पीस' म्हणून ओळखतात. दोन्ही एकच. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ या तरुणानं तिसाच्या दशकात ही जात तयार केली. युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा त्यानं डोळे भरण्यासाठी तिच्या काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेला पाठवून दिल्या. मग सरहद्दी बंद झाल्या, पत्रव्यवहार तुटला, आणि एकाच झाडाची चार देशांत चार नावं झाली. फ्रान्समध्ये त्यानं आपल्या आईचं नाव दिलं, जर्मनांनी 'ग्लोरिया देई', म्हणजे देवाचा महिमा, इटालियनांनी 'जोइया', म्हणजे आनंद, आणि अमेरिकेत युद्ध संपता संपता, १९४५च्या एप्रिलअखेर, 'पीस', शांती. जे देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते त्यांच्या रोपवाटिकांत हेच एक झाड वाढत होतं. विलायतेत ते लोकप्रिय केलं ते याच व्हीटक्रॉफ्टनं.

बाग उतारावर आहे, रुंद पायवाटा, एका वाफ्यात एकच जात, त्यामुळे वरून पाहिलं तर रंगांचे सलग पट्टे दिसतात. जूनच्या मध्यावर पहिला बहर असतो. वासाबद्दल लिहिणं टाळतो. सांगायचं ते वेगळंच आहे. आमची ही आयुष्यभर गुलाब लावत आलेली. दसरा गेला की ती गच्चीत कात्री घेऊन बसते, तेव्हा तिच्याशी बोलायची सोय नसते. ती एका वाफ्यापाशी वाकली आणि तशीच थांबली. म्हणाली, "अहो, इथे फूल हुंगावं की नाही, ते कळत नाहीये."

मलाही कळत नव्हतं. आम्ही तासाभरापूर्वीच संग्रहालय पाहून बाहेर आलो होतो. ब्याऐंशी मुलांचा पुतळेसमूह पाहिला होता. मारिए उखितिलोवा या शिल्पकर्तीनं १९६९ साली तो घ्यायला घेतला. त्या आयांना ती भेटली. बेचाळीस मुली, चाळीस मुलगे, सगळे पूर्णाकृती, एकमेकांना चिकटून उभे. वीस वर्षं ती प्लॅस्टरमध्ये काम करत होती. काम पूर्ण झालं आणि त्याच वर्षी, १९८९च्या नोव्हेंबरात, ती वारली. पुढे तिच्या नवऱ्यानं, हाम्पलनं, पदरचे पैसे घालून ब्राँझच्या ओतकामाला सुरुवात केली. जसजसे पैसे जमत तसतशी मुलं परत येत राहिली. १९९५ साली पहिली तीस, आणि शेवटची सात २०००मध्ये. मुलांच्या पायांशी लोक खेळणी ठेवून जातात. कापडी अस्वल, छोटी मोटार, पावसानं भिजलेली बाहुली. ती मुलं दरीकडे, गाव होतं त्या दिशेला, बघत उभी आहेत. हे पाहून आलेल्या माणसानं शंभर पावलांवर गुलाबाचं कौतुक करावं हे बरं दिसतं का?

सौंदर्यानं दुःख झाकलं जातं, हा आक्षेप जुना आहे आणि खोटा नाही. जालियनवाला बागेच्या २०२१ सालच्या नूतनीकरणानंतर याच मुद्द्यावर आपल्याकडे वाद झाला होता. ज्या अरुंद बोळातून डायरचे शिपाई आत शिरले त्या बोळाच्या भिंतींवर शिल्पं लावून ती 'देखणी' केल्याबद्दल इतिहासाच्या अनेक अभ्यासकांनी राग व्यक्त केला. तो मला रास्त वाटतो. जिथे घडलं ती जागा सजवू नये. लिदित्सेत तसं केलेलं नाही. जिथे गाव होतं तिथे एकही गुलाब नाही. तिथे गवत आहे. होराकांच्या वाडीचा, शाळेचा, चर्चचा पाया उघडा ठेवला आहे. आणि विध्वंसातून वाचलेलं एक पेअरचं झाड आहे. गुलाब आहेत ते मधल्या पट्ट्यात, मेलेलं गाव आणि जिवंत गाव यांच्यामध्ये. या जमिनीवरून रोज ये-जा होते. आम्ही बसलो होतो त्या बाकासमोरून तासाभरात सायकलवरची दोन मुलं, बाबागाडी ढकलणारी बाई आणि कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा गेले. त्यांच्यापैकी कुणी थांबलं नाही, कुणी गंभीर चेहरा केला नाही. त्यांची ती रोजची वाट आहे. दोन आठवड्यांनंतर, २४ जून १९४२ला, जर्मनांनी लेझाकी नावाची आणखी एक वस्ती अशीच नष्ट केली. ती पुन्हा वसवली गेली नाही. घरांच्या जागी दगड आहेत. लेझाकीला नुसता नमस्कार करता येतो. लिदित्सेत राहता येतं.

हिनं मग फूल हुंगलं. मी काही विचारलं नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जी बागेच्या माहितीपत्रकात दोन ओळींत असते. आज जी बाग दिसते ती १९५५ची नाही. १९८९ साली राजवट बदलली, आणि नव्वदच्या दशकात या बागेची हेळसांड झाली. लिदित्सेचा आधीच्या सरकारनं आपल्या प्रचारासाठी मनसोक्त वापर केला होता. शाळकरी मुलांच्या सहली, भाषणं, झेंडे. ते सरकार गेलं तसं लोकांचं मनही त्या जागेवरून उडालं, आणि पैसाही आटला. एका सरकारनं जास्त कवटाळलेली आठवण पुढचं सरकार हातात घ्यायला कचरतं. आपल्याला हे नवीन नाही. बागेतली बहुतेक झाडं मेली, उरलेली रानटी झाली. २००१ नंतर पुन्हा आराखडा झाला, पुन्हा लागवड झाली, म्हणून ती आज उभी आहे.

'रानटी झाली' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. गुलाबाचं झाड हे दोन झाडांचं मिळून असतं. खाली काटक रानगुलाबाचा खुंट, आणि त्यावर डोळा भरून वाढवलेली वरची जात. मुळं रानटी, फुलं कुळीची. खुंटाला आपला स्वतःचा फुटवा काढायची सतत इच्छा असते. जमिनीखालून तो एखादी कोवळी, जोमदार, फिकट पानांची फांदी वर पाठवतो. नवख्याला वाटतं, झाड छान फोफावलं. ती वेळीच काढली नाही तर दोन-चार वर्षांत सगळं अन्न ती खाते, वरची जात उपाशी मरते आणि वाफ्यात रानगुलाब उरतो. झाड जिवंत असतं, फुलतंही. पाटीवरचं नाव मात्र खोटं झालेलं असतं. त्या दिवशी बागेत एक पन्नाशीची माळीण हातमोजे घालून काम करत होती. सुकलेली फुलं खुडता खुडता तिला एक रानफुटवा दिसला. तिनं कात्री बाजूला ठेवली, बोटांनी माती उकरली, फुटवा मुळाशी धरला आणि ओढून काढला. कापला तर तो पुन्हा दुप्पट येतो, उपटावाच लागतो. आमच्या हिनं ते पाहून मान डोलावली. माळणीनंही डोलावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि काही अडलंही नाही.

मी मनाशी हिशेब मांडला. चोवीस हजार झाडं. वसंतातल्या छाटणीला एका झाडामागे पाच मिनिटं धरली, तरी दोन हजार तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर एका माणसाचे अडीचशे दिवस, म्हणजे जवळजवळ वर्षभराची नोकरी, आणि हे फक्त एका कामाचं झालं. हिवाळ्याआधी कलमाच्या जोडावर मातीची भर घालायची, थंडी सरली की ती काढायची, फवारण्या, खुरपणी, सुकली फुलं खुडणं, रानफुटवे उपटणं, मेलेल्या झाडाच्या जागी नवं लावणं. गुलाबाच्या जागी गुलाब लावायचा तर तिथली मातीही बदलावी लागते, नाहीतर नवं रोप मान टाकतं. हा खर्च ताळेबंदात एकदाच घालून विसरता येणारा नाही. तो दर वर्षी येणार. कुठल्याही वित्त विभागाला असलं स्मारक नको असतं, आणि मला ते आवडलं ते नेमकं याच कारणासाठी. पुतळ्याकडे पन्नास वर्षं कुणी फिरकलं नाही तरी पुतळा ते लपवतो. या बागेनं नव्वदच्या दशकात सगळ्या देशाला उघडं पाडलं. आठवण ठेवतो असं म्हणणारे खरंच ठेवतात का, ते इथे तीन-चार वर्षांत दिसतं.

स्ट्रॉसच्या आणखी एका खटपटीचं असंच झालं. १९६६च्या सुमारास त्यानं जगभरच्या चित्रकारांना लिदित्सेसाठी चित्रं देण्याची विनंती केली. १९६७ साली पश्चिम बर्लिनच्या एका कलादालनात तरुण जर्मन चित्रकारांनी दिलेल्या कामांचं प्रदर्शन भरलं. त्यांत गेरहार्ड रिख्टरनं दिलेलं चित्र होतं, जर्मन सैन्याच्या गणवेशात हसत उभ्या असलेल्या त्याच्या स्वतःच्या मामाचं. लिदित्सेला द्यायला त्यानं आपल्या घरातलाच माणूस निवडला. स्ट्रॉस त्याच वर्षी, १९६७मध्ये, वारला. पुढच्या वर्षी रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि ती चित्रं वर्षानुवर्षं कुठल्याशा कोठारात पडून राहिली. आता ती गावात पाहायला मिळतात.

१९६७मध्येच तिथे मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन सुरू झालं, मारल्या गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ. आज ते आंतरराष्ट्रीय आहे, दर वर्षी होतं, आणि भारतातल्या शाळांतूनही त्याला चित्रं जातात. आपल्याकडच्या एखाद्या चित्रकलेच्या शिक्षकाला चौथी-पाचवीच्या वर्गाची चित्रं कुठे पाठवावीत असा प्रश्न पडला, तर हा पत्ता लक्षात ठेवावा.

परतलेल्या बायकांची पिढी आता सरली. परतलेली मुलंही म्हातारी होऊन एकेक करत गेली. गावाचं नाव मात्र, नकाशावरून पुसायला निघालेल्यांच्या दुर्दैवानं, नको तितकं पसरलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मेक्सिकोत, ब्राझीलमध्ये, व्हेनेझुएलात १९४२ नंतर वस्त्यांना लिदित्से हे नाव दिलं गेलं.

कुणाला जायचं असेल तर जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जावं. दहा जूनच्या आसपास तिथे स्मृतिदिनाचा कार्यक्रम असतो, गर्दी असते. त्यानंतर निवांत मिळतं. आधी संग्रहालय, मग कुरणातून खाली ओढ्यापर्यंत आणि कबरीपर्यंत, मग मुलांपाशी, आणि शेवटी बाग, याच क्रमानं. उलट जाऊ नये. बागेतून पुढे चालत गेलं की पलीकडे नवं गाव लागतं: लाल कौलांची घरं, परसात चेरीची झाडं, दोरीवर वाळत घातलेले कपडे. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि शाळा सुटत होती.